चेहरा तेलकट दिसतो?

सकाळी स्वच्छ धुतलेला चेहरा दुपारपर्यंत कपाळ, नाक, हनुवटीवर चकाकू लागतो, कारण चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी तिथेच जास्त दाट असतात. त्यांतून पाझरणारं सीबम त्वचेचा ओलावा टिकवतं. वयात येताना संप्रेरकांमुळे ते वाढतं. म्हणून सारखा साबण लावून चेहरा खसाखसा घासू नका. त्वचा चुरचुरते, तेल मात्र थांबत नाही. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर चेहरा धुवा, टॉवेलने हलकेच टिपा. नंतर जेलसारखं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर लावा. उन्हात जाताना सनस्क्रीनही. लिंबू चोळू नका. मुरमं आली तर फोडू नका, मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडचं मलम आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.