नकार देताना



औषधविक्रेत्यांच्या अधिवेशनात मार्जिन, ऑनलाइन विक्री आणि परवाने यांवर बोलणं होतच असतं. मला आज बोलायचंय ते संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर हात आपटणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्याला उत्तर देताना आपल्या मनात उसळणाऱ्या चिडीबद्दल.

तो दवाखान्यातून थेट आपल्याकडे आलेला असतो. रांगेत ताटकळून, फी भरून, चिठ्ठीतलं अर्धं न समजून. डॉक्टरांपुढे तो गप्प होता. आपल्याकडे ना नंबर लागतो ना केबिनचं दार, म्हणून साठलेलं सगळं इथं बाहेर पडतं. हे ओळखलं की राग निम्मा उतरतो. उरलेला निम्मा उतरलाच पाहिजे, असा हट्ट मी कोणत्याही फार्मासिस्टकडे धरणार नाही.

सर्वांत अवघड प्रसंग परत आलेल्या औषधांचा. रुग्ण दगावलेला, बिल हरवलेलं, आणि नातेवाइकाच्या पिशवीत इन्सुलिनच्या कुप्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. ते घरी फ्रिजमध्ये होतं की कपाटात, हे कुपीकडे पाहून सांगता येत नाही. ते दुसऱ्या रुग्णाला विकणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. आपण नाही म्हणतो. तो म्हणतो, “माणूस गेला हो, निदान पैसे तरी द्या!” अशा वेळी भिंतीवरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवू नका. कोण गेलं, काय झालं होतं, हे आधी विचारा. मग कारण सांगून नकार द्या. पैसे त्याला मिळणार नाहीतच, पण आपल्याला लबाड समजलं गेलं, हा सल घेऊन तरी तो पायरी उतरणार नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही आपल्याकडे होते. अल्प्राझोलम ही चिंतेवरची गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीविना न विकायच्या औषधांच्या यादीत आहे. रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. तरी “आई रोजच घेते, तुम्हाला ठाऊक नाही का?” असा आवाज चढला की चिठ्ठीविना पट्टी पुढे सरकवणारे आपल्यात आहेत. याला माणुसकी म्हणायला मी तयार नाही. भांडण मिटवण्याची ती घाई आहे. पण नुसतं हाकलून देणंही चुकीचंच. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम तुटली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना फोन आपण लावावा, चिठ्ठी आजच्या आज कशी मिळेल ते पाहावं.

आणि आता दुकानमालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. फार्मासिस्टला सकाळपासून रात्रीपर्यंत एकट्याला उभं करायचं आणि तो गोड बोलत नाही म्हणून रागवायचं, हा अन्याय आहे. दमलेल्या माणसाकडून करुणा वसूल करता येत नाही. गर्दीच्या वेळी काउंटरवर दुसरा माणूस द्या. कोणी शिवीगाळ केली तर आपल्या माणसाला माफी मागायला लावू नका, तुम्ही स्वतः पुढे या. आई-बहिणीवरून शिव्या ऐकून घेणं हा नोकरीचा भाग नाही.

डी. फार्म.च्या अभ्यासक्रमात ‘कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट’ हा विषय आहे. महाविद्यालयांतले शिक्षक इथं बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे: नकार कसा द्यायचा याचा सराव मुलांकडून वर्गात करून घ्या, आणि संतापलेल्या ग्राहकाच्या भूमिकेत आमच्यातल्या जुन्या दुकानदारांना बोलवा. आम्ही येऊ.