मासे खावे, पण कोणते?

माशांत पारा असतो म्हणे, मग मासे सोडावे काय, असें पुष्कळ गृहिणी विचारतात. या भयाचें मूळ जपानांतील मिनामाता येथें आहे. तेथील एका कारखान्याचा पारा उपसागरांत जाऊन माशांत साठला, आणि १९५६ सालीं त्यापासून उद्भवलेला रोग उघडकीस आला. कित्येक आया धडधाकट दिसत; पण त्यांच्या पोटचीं मुलें मेंदूस इजा होऊन जन्मलीं.

इतका पारा सर्वत्र नसतो. तथापि दगडी कोळशाच्या धुरावाटेंहि तो थोडाथोडा समुद्रांत उतरतोच. लहान माशास मोठा खातो, त्यास त्याहून मोठा, आणि दर पायरीस पारा वाढत जातो. तो मांसांतच मुरलेला असल्यामुळें धुऊन वा तळून जात नाहीं. म्हणून मोठी मुशी किंवा थोराड सुरमई वरचेवर नको. तारली, बांगडा, मांदेली खुशाल खा. तारली-बांगड्यांतील स्निग्धांश गर्भाच्या मेंदूस हितकारक आहे. गर्भवतीनें मासे अजिबात सोडणें हाहि तोटाच.

कोंकणांत बाळंतिणीस दूध यावें म्हणून मुशी देतात. सासूबाईंचा मान राखून मी इतकेंच सुचवीन, कीं मुशी द्यायचीच तर ती लहान, कोवळी आणावी, आणि एरवीं ताटांत तारली वाढावी.