‘वर्तणूक’ या रकान्यात न मावणारा शिपाई

(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. त्यात आपण बहुधा ‘चांगली’ हा एकच शब्द लिहितो. ज्याने सात वर्षांत वर्गात तोंड उघडले नाही त्याची वर्तणूक चांगली, आणि ज्याने गुरुजींच्या टेबलाखाली बेडूक सोडला त्याचीही चांगली! या औदार्यास माझी हरकत नाही. परंतु एवढ्याशा शब्दात माणूस कितपत मावतो, याचा विचार करावयाचा तर शिस्तीचे माहेरघर जे लष्कर, त्याच्याकडेच वळलेले बरे.

ब्रिटिश सैन्यात १८३० साली दीर्घ सेवा व सद्वर्तन पदक सुरू झाले. प्रारंभी त्यासाठी पायदळात २१ वर्षांची निष्कलंक चाकरी लागे. १८७० पासून ही मुदत १८ वर्षांवर आली. शिपाईगडी मात्र त्यास ‘अठरा वर्षे न सापडलेल्या गुन्ह्यांचे बक्षीस’ म्हणत. त्याचे दुसरे टोपणनाव होते ‘रूटी’ पदक. गोऱ्या शिपायांनी हिंदुस्थानात उचललेल्या ‘रोटी’ शब्दाचा हा अपभ्रंश. शिध्याच्या रोटीसारखे हेही आपोआप पदरात पडते, असा त्यातील टोमणा. थट्टा खरी, पण तीत तथ्य होते. सद्वर्तनी असणे वेगळे आणि न सापडणे वेगळे.

आता एका खोडकर शिपायाची गोष्ट ऐका. स्पाईक मिलिगन हा १९१८ साली आपल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात जन्मला. वडील ब्रिटिश तोफखान्यात. बालपण पुणे व रंगून येथे गेले. १९४० साली तोही तोफखान्यात दाखल झाला, आणि पुढे १९७१ पासून त्याने आपल्या लष्करी दिवसांच्या विनोदी आठवणी सात खंडांत लिहिल्या.

त्यांतील एक आठवण इंग्लंडच्या किनाऱ्यावरील आहे. तोफा पहिल्या महायुद्धाच्या काळच्या, आणि सरावासाठी गोळे नाहीत! मग गोलंदाज तोफ भरण्याची सारी कवायत यथासांग करीत, आणि अखेरीस सर्वजण एका सुरात ‘धडाम्!’ म्हणून ओरडत. विनाखडूचा फळा वापरणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे शास्त्र परिचित असेल.

दुसरा प्रसंग उत्तर आफ्रिकेतील. नीट न रोवलेली एक अवजड तोफ बार उडताच मागे सरकली व कड्यावरून खाली कोसळली. खाली हॅरी सीकोम नावाचा दुसरा शिपाई होता. मिलिगनने येऊन, इकडे एखादी तोफ दिसली काय, अशी चौकशी केली. त्यावर सीकोमने शांतपणे विचारले, कोणत्या रंगाची? पुढे १९५१ ते १९६० या काळात ब्रिटिश नभोवाणीवर याच जोडीने आपल्या सहकाऱ्यांसह लाखो श्रोत्यांना हसविले.

परंतु हसण्यासारखे सारे येथे संपते. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतील लढाईत मिलिगन जखमी झाला. पायाची जखम लहान, मनाची मोठी. रुग्णालयातून तो लवकरच पलटणीत परतला. पण त्याचा धीर खचला होता, बोलताना जीभ अडखळत होती. वरिष्ठाने त्याची बाहीवरची फीत काढून घेतली व त्यास पुन्हा साधा शिपाई केले. कागदोपत्री नोंद चोख झाली. समोरचा माणूस मात्र पाहिला गेला नाही. मानसिक आजाराने पुढे त्यास जन्मभर गाठले. २००२ साली तो वारला.

यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, खोडी आणि दुष्टावा यांची गल्लत करू नये. तिने कोण हसले आणि कोण रडले, एवढे विचारले की भेद कळतो. जिच्यात दुबळ्याला रडू येते, ती खोडी नव्हे; तेथे शिक्षकाने कठोर व्हावेच. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वर्गातील खोडकर मूल एकाएकी गप्प झाले, तर ‘सुधारला’ असे म्हणून निःश्वास टाकू नका. घरी काय घडले, पोटात अन्न आहे काय, रात्री झोप लागते काय, याची आस्थेने चौकशी करा. वर्गातील शांतता नेहमीच शिस्तीची नसते. कधी ती दुःखाचीही असते.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक गावांत निवृत्त जवान आहेत. त्यांना शाळेत बोलवा. मुले पराक्रमाच्या कथा मागतीलच. आपण मात्र बराकीतल्या गमतीही आवर्जून विचारा. शूर माणसेही हसतात, थकतात आणि घाबरतात, हे मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकावे. भेदरलेल्या एखाद्या मुलाला त्याने मोठा आधार मिळेल.

दाखल्यावर ‘चांगली’ अवश्य लिहा. फक्त तो शब्द लिहिण्यापूर्वी त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.