हत्तीच्या पायाशी काय आहे?



चिंचवडजवळच्या डांगे चौकातून इकडे येताना कंपन्यांच्या बस दिसल्या. त्यांतून कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांचं काम एकच असतं. तयार जॉब हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, माप लिहायचं, ते ड्रॉइंगशी ताडून बघायचं आणि मगच ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट असा शेरा मारायचा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे काम करणारे हात आहेत. ‘बरा वाटतोय’ एवढं म्हणून त्यांनी जॉब पुढे सरकवलेला कुणालाही चालणार नाही.

चित्रासमोर मात्र आपण शेरा आधी मारतो. ‘छान’, ‘काही कळलं नाही’, आणि पुढच्या चित्राकडे. त्यात शाळेचाही वाटा आहे. दहावीला कवितेचं रसग्रहण आपण सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं, पाठ केलेल्या वाक्यांत. कवी बदलला तरी माझी विशेषणं बदलत नसत. कविता न वाचताही ते उत्तर लिहिता आलं असतं आणि मार्क मिळाले असते, याची खंत मला अजून वाटते.

म्हणून आज मी तुम्हाला एका भिंतीबद्दल सांगणार आहे. ती इथून फार लांब नाही. चिंचवडला लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस वे ओलांडून भाजे गावातून चालत जायचं आणि पायऱ्या चढायच्या. भाज्याला २२ लेणी आहेत, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास कोरायला घेतलेली. दक्षिणेकडच्या टोकाला, धबधब्याच्या बाजूला, एक विहार आहे. लोक त्याला सूर्यगुंफा म्हणतात. त्याच्या ओसरीत एका खोलीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन शिल्पं आहेत.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन गेलो आणि एकच अट घातली. पहिला अर्धा तास कोणाचंही नाव घ्यायचं नाही. देवाचं नाही, राजाचं नाही. फक्त पंचनामा करायचा, म्हणजे कुठे काय आहे ते लिहायचं. मुलं सुरुवातीला वैतागली. मग कागद भरू लागले. डावीकडे चार घोड्यांचा रथ. रथात एक पुरुष, दोन बाजूंना दोन स्त्रिया. एकीच्या हातात छत्र, दुसरीच्या हातात चवरी. रथाखाली अवाढव्य, बेडौल देह. उजवीकडे प्रचंड हत्ती, सोंडेत मुळासकट उपटलेलं झाड. हत्तीवर एक धिप्पाड पुरुष, मागे ध्वज घेतलेला सेवक. आणि खाली, हत्तीच्या पायाशी, अगदी लहान आकारात एक वेगळंच जग: कठडा घातलेलं झाड, आसनावर बसलेला राजा, नाचणारी स्त्री, वाद्य वाजवणारी दुसरी.

आता अर्थ. जुना अर्थ असा की रथातला सूर्य, खाली अंधाराचे असुर, हत्तीवरचा इंद्र. गुंफेला नाव पडलं ते यावरूनच. त्याला आधारही आहे. बोधगयेच्या दगडी कठड्यावर चार घोड्यांच्या रथातला सूर्य आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्त्रिया आहेत. पण त्या स्त्रियांच्या हातात धनुष्यं आहेत. त्या अंधारावर बाण सोडतात. भाज्याला छत्र आणि चवरी आहे. ही राजाची चिन्हं. पुढे आर. जी. ज्ञानी या अभ्यासकांनी दुसरा अर्थ मांडला: दोन्ही शिल्पांत आहे तो मांधाता. बौद्धांच्या दिव्यावदान या कथासंग्रहातला हा चक्रवर्ती राजा द्वीपामागून द्वीप जिंकत स्वर्गापर्यंत पोचतो, देवांच्या बाजूने असुरांशी लढतो, इंद्राच्या अर्ध्या आसनावर बसतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा लोभ धरताच खाली येतो. त्याच्या वाटेवर उत्तरकुरू लागतं. तिथली झाडं वस्त्रं आणि दागिने देतात.

माझा कल मांधात्याकडे आहे. त्या अर्थात कठड्यातल्या झाडाला जागा मिळते, आणि बौद्ध भिक्खूंच्या निवासात, त्यांच्या रोजच्या वाटेवर, हे शिल्प का, याचंही उत्तर मिळतं. पण उद्या तुमच्यापैकी कोणी मी न पाहिलेला एखादा तपशील दाखवला, तर मला माझं मत बदलावं लागेल. अर्थ लावताना वाद घालता येतो, तो असा, भिंतीकडे बोट दाखवून.

त्या दिवशी एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘हत्ती चुकलाय, प्रमाण नाही.’ मोजमाप त्याचं बरोबर होतं. हत्तीपुढे झाडं गवतासारखी आहेत, माणसं त्याच्या नखाएवढी. पण कारखान्यात शेरा मारताना समोर ड्रॉइंग असतं, आणि शिल्पकाराने आपलं ड्रॉइंग मागे ठेवलेलं नाही. ते आपल्यालाच, केलेल्या वर्णनातून आणि लावलेल्या अर्थातून, शोधून काढावं लागतं. ज्याच्यापुढे जग खुजं झालं आहे असा स्वार त्याला दाखवायचा असेल, तर हा हत्ती चुकलेला नाही. मग निवाडा मी असा देईन: हत्तीचं शिल्प रथाच्या शिल्पापेक्षा मोठं आहे. रथात जय दिसतो. हत्तीच्या शिल्पात जय दिसतो आणि त्याच वेळी, खाली, स्वतःच्या गाण्यानाचण्यात रमलेली, त्या स्वाराकडे ढुंकूनही न बघणारी माणसंही दिसतात. हे ज्याने कोरलं, त्याला सत्तेबद्दल पुष्कळ कळत होतं.

याच मळवलीला १८९९ च्या सुमारास राजा रविवर्म्याचा छापखाना आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने घेतला. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत गेली. त्या चित्रांवर माझं प्रेम आहे. पण आपण ती बहुधा हात जोडून, नाव घेऊनच पाहिली. लक्ष्मीच्या मागे पाणी आहे की आकाश, हे घरी गेल्यावर एकदा बघा.

तुमच्यापैकी काही जण चाकणच्या स्टुडिओंत गाड्यांचे आकार काढतील, काही शाळांत चित्रकला शिकवतील. जे शिकवतील त्यांना माझी विनंती: सहलीला भाज्याला जा, मुलांबरोबर कोरे कागद न्या. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा दुपारी तीननंतर पोचा. ऊन तिरपं होत जातं तसा दगड उठू लागतो. हत्तीच्या पायाशी, खालच्या कोपऱ्यात, घोड्याचं तोंड असलेली एक स्त्री आहे. ती तिथे काय करते आहे, हे तुमच्या मुलांनी काय लिहिलं ते मला कळवा.