पापणीचा केस आणि उतावळा हात

लग्नघर आतां निवांत झालें आहे. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गांवीं गेले, नव्या नवरीच्या हातांवरची मेंदी फिकी पडूं लागली. दागिने पुन्हां पेटींत गेले, शालूची घडी कपाटांत बसली. एक अलंकार मात्र अद्याप जागचा हललेला नाहीं. लग्नाच्या आदल्या दिवशीं ब्यूटी पार्लरमध्यें दोन तास डोळे मिटून पडून तिनें ज्या लांब, काळ्याभोर पापण्या लावून घेतल्या, त्या तशाच आहेत. कांहीं गळल्या, कांहीं वांकड्या झाल्या. रात्रीं कुशीवर झोपलें कीं टोंचतात. त्यांतच घरांतलें कोणी वडीलधारें माणूस सहज बोलून जातें, "काय ग, हें सोंग अजून उतरलें नाहीं का?" आणि मग ती पोर रात्रीं दार लावून आरशापुढें बसते व भुंवया कोरण्याचा चिमटा हातांत घेते.

श्रोतेहो, तो चिमटा खालीं कां ठेवावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण पापणीचा केस हा डोळ्याचा द्वारपाल आहे. धुळीचा कण आंत शिरूं पाहतो तेव्हां तो प्रथम या केसाला लागतो आणि डोळा आपोआप मिटतो. हौसेपायीं हा द्वारपाल गमावणें कोणालाहि परवडणारें नाहीं. हौस मात्र जुनी आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'इन्टॉलरन्स' या १९१६ सालच्या मूकपटांत सीना ओवेन या नटीला माणसाच्याच केसांच्या पापण्या गोंदानें चिकटविल्या होत्या. एके दिवशीं ती डोळे सुजून जवळजवळ मिटलेल्या स्थितींत चित्रणास आली, असें तिची सहकलावती लिलियन गिश हिनें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. म्हणजे हौसेइतकेंच तिचें प्रायश्चित्तहि जुनें आहे.

आज अशा पापण्या मुख्यतः दोन तऱ्हांच्या मिळतात. पहिली अखंड पट्टी. ती एका संध्याकाळपुरती असते. तिचा गोंद सौम्य असतो. कोमट पाण्यानें तो मऊ झाला कीं पट्टी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून आंत सावकाश सोडवितां येते. दुसऱ्या तऱ्हेला 'आयलॅश एक्स्टेन्शन' म्हणतात. हींत कृत्रिम धाग्याचा केस स्वतःच्या एकेका केसावर, मुळापासून किंचित् अंतर सोडून, चिकटविलेला असतो. खरी अडचण हिचीच आहे. कारण येथें कृत्रिम केस ओढणें म्हणजे स्वतःचाच केस ओढणें होय.

हा गोंद कोणता, हें जाणून घेणें अगत्याचें आहे. त्याचें नांव सायनोॲक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, अमेरिकेच्या ईस्टमन कोडक कंपनींतील हॅरी कूवर हा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेम धरण्याच्या साधनासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत होता. त्या खटपटींत हा पदार्थ हातीं आला. पण तो दिसेल त्या वस्तूला चिकटूं लागला म्हणून त्यानें तो बाजूला टाकला. १९५१ मध्यें त्याच दुर्गुणाचा गुण म्हणून उपयोग ध्यानांत आला आणि १९५८ मध्यें तो गोंद म्हणून बाजारांत आला. तुटलेली कपबशी जोडण्यासाठीं घरोघरीं असणारें फेव्हिक्विक याच कुळांतलें. हवेंतल्या ओलाव्यानें हा गोंद घट्ट होतो. जो ओलाव्यानेंच आवळतो, तो तोंड धुतल्यानें सुटेल अशी आशा करणें व्यर्थ आहे.

आतां केसाचा स्वभाव पाहावा. वरच्या पापणीवर साधारणतः ९० ते १५० केस असतात. प्रत्येक केस कांहीं आठवडे वाढतो, मग विसावतो आणि शेवटीं आपोआप गळतो. रोज असे एक-दोन केस कोणाचेहि गळतातच. गळणारा केस आपल्यावर चिकटलेला कृत्रिम केसहि घेऊन जातो. म्हणून कांहीं न करतां दीड-दोन महिने थांबलें, तर बहुतेक सर्व पापण्या आपल्या पायांनीं निघून जातात. उलट, जोरानें उपटलेला केस मुळासकट येतो. तो पुन्हां उगवण्यास आठवडे, कधीं महिने लागतात. आणि तीच जागा वारंवार उपटली गेली तर केस विरळ येतो किंवा मुळींच येत नाहीं.

डोळ्यालाहि धोका आहेच. जपानी नेत्रवैद्यांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत अशा पापण्यांमुळें झालेले विकार नोंदविले आहेत. गोंदामुळें बुबुळाला व डोळ्याच्या आवरणाला आलेला दाह, पापणीला आलेली ॲलर्जीची सूज, आणि काढतांना पडलेल्या दाबामुळें डोळ्याच्या पांढऱ्या भागांत झालेला रक्तस्राव, हे त्यांतील प्रमुख.

तेव्हां सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे जिनें त्या लावल्या तिच्याकडूनच त्या काढून घेणें; कोणता गोंद वापरला हें तिला ठाऊक असतें. दुसरा मार्ग वाट पाहण्याचा. रोज सौम्य साबणाच्या फेंसानें मिटलेल्या पापण्या स्वच्छ धुवाव्या आणि सुटेल तेवढेंच सुटूं द्यावें. रात्रीं मिटलेल्या पापणीच्या केसांना स्वच्छ तेलाचें बोट अगदीं हलकें लावल्यास पकड हळूहळू सैल होण्यास मदत होते. पण तेल डोळ्यांत जाऊं देऊं नये, आणि एका रात्रींत गुण आला नाहीं म्हणून हात उगारूं नये.

तिसरा मार्ग घरींच काढण्याचा. त्यासाठीं याच कामाकरितां म्हणून विकलें जाणारें दाट क्रीम आणावें. पातळ द्रव ओघळून डोळ्यांत उतरतो. आदल्या दिवशीं तें कोपराच्या आंतल्या बाजूस थोडेसें लावून खाज वा लाली येते काय, हें पाहावें. काँटॅक्ट लेन्स असतील तर त्या काढून ठेवाव्या. हें काम स्वतःचें स्वतः करूं नये. एक डोळा मिटून दुसऱ्यानें आरशांत पाहणाऱ्या बाईचा हात ठिकाणावर राहत नाहीं. बहीण, वहिनी किंवा मैत्रीण यांपैकीं कोणी, स्वच्छ हातांनीं व भरपूर उजेडांत, हें काम करावें. मुलीनें उताणें पडून दोन्ही डोळे शेवटपर्यंत मिटलेले ठेवावे. खालच्या पापणीवर ओल्या कापसाची घडी ठेवावी. बारीक कुंचल्यानें क्रीम केवळ सांध्यावर लावावें, कातडीला नव्हे. पाकिटावर सांगितलेला वेळ थांबून कुंचला मुळाकडून टोंकाकडे हलकेच फिरवावा. सुटतील त्या पापण्या ओल्या कापसानें टिपून घ्याव्या. ज्या सुटणार नाहींत त्या तशाच राहूं द्याव्या. शेवटीं भरपूर पाण्यानें पापण्या धुवून मगच डोळे उघडावे.

चार गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. नखांचा रंग पुसण्याचें ॲसिटोन डोळ्याजवळ आणूं नये. चिमट्यानें उपटूं नये. कात्री लावूं नये, कारण तिनें स्वतःचाहि केस कापला जातो. उकळत्या पाण्याच्या वाफेवर तोंड धरूं नये. चुकून कांहीं डोळ्यांत गेलेंच, तर किमान १५ मिनिटें वाहत्या स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व लगेच नेत्रवैद्य गांठावा. डोळा आधींच लाल असेल, दुखत असेल, पू येत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर घरगुती उपायांचा विचारहि करूं नये.

एवढें सांगून झालें तरी एक गोष्ट उरते, आणि ती घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठीं आहे. त्या मुलीच्या हातांत चिमटा आला तो केवळ टोंचणाऱ्या पापण्यांमुळें नव्हे. टोंचलेल्या शब्दामुळेंहि आला. सोंग म्हणून हिणविलेली वस्तु माणूस लपूनछपून आणि घाईनें काढतें, आणि डोळ्याच्या कामांत घाईइतका दुसरा शत्रु नाहीं. तोच शब्द गिळून कोणी म्हटलें, "थांब, दिवा जवळ घेते, आपण दोघी मिळून पाहूं," तर अर्धें काम तेथेंच झालें. पिकलें फळ देठ आपण होऊन सोडतें. कच्चें ओढलें तर फांदी सोलवटते. दारावरची कडी काढून ती मुलगी बाहेर येईल, चिमटा पेटींत जाईल, आणि महिन्या-दीड महिन्यानें तिच्या स्वतःच्याच पापण्या, थोड्या आंखूड पण शाबूत, त्या घराकडे पाहत असतील.