श्वास घेणारी नळी

जलतरंगाचे वाडगे आठवा. मोठा वाडगा खर्जात बोलतो, धाकटा टिपेला जातो. कार्बनच्या नॅनोट्यूबचं काहीसं तसंच आहे. फक्त ही नळी जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीची. आपला केस तिच्यापुढे वडाचा बुंधा!

कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची गुंडाळी म्हणजे ही नळी. तिचं एक कंपन मोठं गमतीचं. सगळे अणू एकाच वेळी बाहेर सरकतात, मग एकाच वेळी आत; छाती फुगावी आणि बसावी तसे. शास्त्रज्ञही त्याला श्वासाचंच नाव देतात. 1 नॅनोमीटर व्यासाची नळी सेकंदाला सुमारे 7 लाख कोटी 'श्वास' घेते. व्यास दुप्पट झाला, की हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो.

हे मोजायचं कसं? नळीवर लेसर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते पाहायचं. 1928 साली कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम तो हाच. रंगावरून कंपन कळतं, कंपनावरून व्यास. पट्टी न लावता माप! मात्र एकाच लेसरला सगळ्या नळ्या दाद देत नाहीत. ज्यांच्या इलेक्ट्रॉनांशी तो रंग जुळतो, त्याच ठळक बोलतात. म्हणून लेसर बदलून बदलून पाहावं लागतं. साधारण 2 नॅनोमीटरच्या पुढे तर हा आवाज क्षीणच होत जातो.

या श्वासाच्या उलट, नळीच्या भिंतीतल्या भिंतीत अणू जे थरथरतात, त्या कितीतरी वेगवान कंपनाला व्यासाचं फारसं सोयरसुतक नसतं.