चोवीस तासांची बाई आणि तिची सुटी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही जन्मभर शाळेच्या घंटेवर जगलो. शेवटची घंटा झाली की शाळा सुटे. पुढचा वेळ आमचा. जी स्त्री दुसऱ्याच्या घरी राहूनच काम करते, तिच्या दिवसास अशी घंटा नसते. आज तिच्याविषयी बोलावे असे योजिले आहे. आपल्यातील काही कुटुंबे सिंगापुरास स्थायिक झाली आहेत, आणि इकडे मुंबई-पुण्यासही चोवीस तासांची बाई ठेवण्याचा प्रघात बराच वाढला आहे.

प्रथम सिंगापूरचे सांगतो. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, म्यानमार इत्यादी देशांतून आलेल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रिया तेथे घरकाम करतात आणि मालकाच्याच घरी राहतात. घरे लहान. कोठे मुलांच्या खोलीत, कोठे आजीच्या उशाशी, तर कोठे हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या बिनखिडकीच्या कोठडीत तिची पथारी पडते. जिची पथारी आजीच्या उशाशी, तिचे काम रात्री किती वाजता संपले म्हणावे? छळाची प्रकरणे वर्तमानपत्रांत येतात. त्यांविषयी आम्हांस आज बोलावयाचे नाही. मालकीण सुस्वभावी असते, पोटभर जेवू घालते, सणास कपडे घेते, तरीही त्या बाईला स्वतःचा म्हणावा असा एक तास मिळत नाही. आमचे दुखणे हे आहे.

तेथील नोकरीचा सर्वसाधारण कायदा या स्त्रियांस लागू नाही. साप्ताहिक सुटी त्यांना कायद्याने मिळाली ती १ जानेवारी २०१३ पासून. त्यापूर्वी सारा मर्जीचा मामला. मालकास अशा बाईसाठी सरकारकडे ५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. बाई पळून गेली तर ती रक्कम बुडेल, या धास्तीने तिला दाराबाहेर सोडावयाचेच नाही, असे कित्येक घरांत चाले. पुढे कायदा झाला, पण त्यात एक पळवाट राहिली. बाईची संमती असेल तर सुटीऐवजी त्या दिवसाचा पगार द्यावा, असे ठरले. आता पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून जिच्या डोक्यावरचे दलालाचे कर्ज कापून घेतात, जिची नोकरी आणि निवारा एकाच माणसाच्या हाती, ती संमती नाकारणार कशी? १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातील निदान एक सुटी तरी पैसे देऊन टाळता येत नाही. अवघी एक! सुधारणा तुटपुंजी खरी. पण काही विश्रांती विकावयाची वस्तूच नसते, हे तत्त्व तेथे एकदाचे कायद्यात उतरले.

आपल्याकडील रविवारही आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हा कोठे १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी कबूल केली. गिरणीला निदान भोंगा होता! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. त्यात सलग चोवीस तासांची साप्ताहिक विश्रांती सांगितली असून, त्या वेळात मालकाच्या घरातच थांबण्याची सक्ती नसावी, असेही म्हटले आहे. भारताने या करारास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो नोंदणीचा व साहाय्याचा आहे. साप्ताहिक सुटीचे बंधन त्याने कोणावर घातलेले नाही.

भगिनी आम्हांस सांगतात, “गुरुजी, आम्ही सुटी देऊ करतो, तीच घेत नाही.” हे खोटे नाही. परंतु झारखंडातून किंवा ओडिशातून आलेल्या मुलीने सुटी घेऊन जावे कोठे? सिंगापुरात रविवारी ऑर्चर्ड रस्त्यावरच्या लकी प्लाझामध्ये फिलिपिनी स्त्रियांची आणि पाया लेबार येथील सिटी प्लाझामध्ये इंडोनेशियन स्त्रियांची गर्दी लोटते. गावी पैसे पाठवावेत, आपल्या चवीचे चार घास खावेत, आपल्या भाषेत मोठ्याने हसावे. आपल्या शहरांत या मुलीला असे ठिकाण कोण दाखविणार? मग ती सुटीच्या दिवशीही घरातच बसते; आणि घरात आहे म्हटल्यावर, “जरा दूध तापव गं,” हे तोंडून जातेच. एकदा दूध तापविले की भांडी, भांड्यांमागून भाजी, आणि सुटी सरली!

म्हणून कार्यकारिणीकडे आम्ही एक लेखी सूचना दिली आहे. आपले सभागृह लग्नसराई सोडली तर रविवारी दुपारी बहुधा रिकामे असते. ते दोन ते सहा या वेळात अशा बायांसाठी विनाशुल्क उघडे ठेवावे. पंखे, पिण्याचे पाणी, आणि कोणास गावी पत्र लिहावयाचे किंवा बँकेचा कागद भरावयाचा असल्यास मदत. हे शेवटचे काम आम्ही स्वतः करू. त्या कोणत्या जातीच्या, कोणत्या प्रांताच्या, याची विचारपूस दारात होऊ नये, ही अट मात्र सूचनेत घातली आहे. तिजवर काही सभासदांचा आक्षेप आहे, तो आम्ही ऐकला आहे. निर्णय पुढील साधारण सभेत व्हावयाचा आहे; त्या सभेस भगिनींनीही उपस्थित राहावे.